दोन वर्षांच्या पायाचे जोडे

मामंजींनी ते जोडे माझ्या पुढ्यात टाकले ते असे, जसा मेलेला उंदीरच टाकावा.

"घे. काप, जाळ, उकळून तुझ्या त्या नळ्यांत घाल. मला मात्र परत आणून देऊ नकोस."

लहान पोराचे जोडे होते. माझ्या एका तळहातावर दोन्ही मावले असते. वरून राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं कातडं, केस बरेचसे झडलेले, पण शिवण अजून घट्ट. कुत्रामाशाचं कातडं मी झोपेतही ओळखते. समुद्रातल्या त्या मिशाळ, गोल डोळ्यांच्या जनावराला बाहेरचे लोक सील म्हणतात, आम्ही कास्पियनकाठचे कुत्रामासाच म्हणतो. माझी सगळी नोकरीच त्याच्या जिवावर चालली आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढे मी कुणावर ओरडले तर नवल वाटायला नको. माझं नाव उलबोल्सिन. आईला चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आजीने रागारागाने हे नाव ठेवलं. त्याचा अर्थ 'मुलगा होऊ दे'. माझ्यानंतर पाचवीही मुलगीच झाली. आता असं नाव घेऊन जन्म काढायचा, त्यात मी आदाय कुळातली, म्हणजे राग नाकावर नाही, नाकाच्या पुढे दोन बोटं. आक्ताऊच्या प्रयोगशाळेत मी कुत्रामाशांच्या जनुकांचं काम करते. नवरा बेर्दिबेक तेलाच्या विहिरींवर, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. उरलेले दिवस घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे कोयशिबाय. ऐंशी पार केली तरी दात सगळे शाबूत, आणि जीभही.

आमच्या कामाचा प्रश्न सोपा आहे, उत्तर मात्र मेलं सापडत नाही. कास्पियन चारी बाजूंनी बंद. कुठल्याही महासागराकडे जायला वाट नाही. मग कुत्रामासा, ज्याचे सगळे भाऊबंद उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात राहतात, तो इथे वाळवंटाच्या पोटात आला कसा आणि कधी? हे शोधायचं तर त्याच्या पेशीतला मजकूर वाचायचा. आई तो पिलाला देते, पिलू मोठं होऊन आपल्या पिलाला. नक्कल होता होता मधूनच एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढे तशीच चालते. दोन जनावरांच्या मजकुरात फरक जितके जास्त, तितकी त्यांची ताटातूट जुनी. बास, एवढंच.

हे मी मामंजींना एकदा चहा ओतता ओतता समजावलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही त्यांचं खानदान आईकडून मोजता?"

"हो. तो मजकूर आईकडूनच येतो."

"आणि बापाचं काय?"

"या कामात बाप लागत नाही."

"बरं आहे मग," ते म्हणाले आणि पेला पुढे केला. "सुखी जनावर आहे."

आमच्यात माणसाला आपले सात बापदादे पाठ असावे लागतात. ज्याला येत नाहीत त्याला लोक अनाथ म्हणतात, तोंडावर. मामंजी माझ्या पुतण्यांना सात नावं घडाघडा म्हणून दाखवायचे, पण त्यात एक गोम होती. स्वतःच्या नावानंतर ते सरळ आजोबांच्या नावावर उडी मारायचे. मधला बाप नाहीच. आजोबांनी त्यांना मुलगा म्हणूनच वाढवलं होतं, आडनावही आजोबांचंच लावलेलं, तेव्हा बाहेरच्याला पत्ता लागत नसे. शुक्रवारी मी तेलात सात पोळ्या तळायची, तळणीचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात, आणि मामंजी हात पसरून एकेकाचं नाव घेऊन दुवा मागायचे. आजोबा, आजी, आई, सासूबाई, बुडालेला धाकटा भाऊ. चुलत्याच्या घोड्याचं नाव तेवढं राहायचं. बापाचं नाव मी त्यांच्या तोंडून लग्नानंतरच्या वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी तर घेणं शक्यच नव्हतं. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव उच्चारायचं नसतं. काहीतरी टोपणनाव शोधायचं आणि त्यावर भागवायचं. मला ते नाव इझबासार आहे हे नवऱ्याने कानात सांगितलं होतं. मी मनात त्यांना 'समुद्रावर गेलेले' म्हणायची.

तर जोडे. झालं असं की आमच्या साहेबांनी, ओराझगाली आगाय त्यांना म्हणतात, आगाय म्हणजे आमच्याकडचं 'सर', जुन्या कातड्यांचा ध्यास घेतला होता. त्यांचं म्हणणं असं की या समुद्रात कुत्रामासे एकदा नाही, दोनदा आले. पहिला कळप अजून आहे, दुसरा, मागाहून आलेला, शिकारीत संपून गेला. तीस वर्षं ते हा दुसरा कळप शोधत होते. आता मेलेला कळप सापडणार कुठे? तर लोकांच्या ट्रंकांत. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी शिकारी केल्या त्यांच्या टोप्या, पिशव्या, पट्टे. मी गावोगाव फिरून तुकडे गोळा केले आणि शिव्याही गोळा केल्या. बाउतिनोच्या एका आजोबांची टोपी पाच पिढ्यांची होती. त्यांच्या खापरपणजोबांनी कुत्रामासा नुसत्या मुठीने मारला होता म्हणे. आम्ही वाचलं तर टोपी निघाली बोकडाची. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी माझ्यावर काठी उगारली.

हीच कथा मी त्या संध्याकाळी मामंजींना सांगत होते आणि वैतागून म्हणाले, "सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं एक धड कातडं मिळेना या सगळ्या किनाऱ्यावर!" मामंजी उठले, ट्रंक उघडली, तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, आणि मग ते जोडे माझ्या पुढ्यात आले.

"कुणाचे हे?" मी विचारलं.

"माझे."

"तुमचे? तुम्ही घालत होता?"

"कधीच नाही." ते बसले. मला वाटलं संपलं, पण नाही. "मी दोन वर्षांचा होतो तेव्हा तो माणूस मच्छीमार बोटीवर गेला. बोट आली नाही, माणसं आली नाहीत. लोक म्हणाले पळाले सगळे. तेव्हा खूप जण पळत होते, तुर्कमेनांकडे, त्याच्याही पलीकडे, इराणात. भुकेने, भीतीने. पण जाणारा बायकापोरांना घेऊन जायचा. हा एकटाच गेला."

"कुणी चौकशी नाही केली?"

"पळालेल्याची चौकशी कोण करतो? उलट जीभ दाताखाली धरून बसायचं." त्यांनी एका जोड्याला बोटाने जरा दूर सारलं. "मी अकरा वर्षांचा झालो. एक दिवस दाराशी एक लंगडा माणूस आला. आजीच्या हातात हे दिलं, म्हणाला, अमक्याच्या पोराला द्या, त्याने पाठवलंय. आजी म्हणाली, आत ये, भाकरीचा तुकडा तरी तोंडात घाल. नाही घातला. उंबऱ्याशी आलेला माणूस भाकरी न चाखता गेला, असा कधी ऐकलायस? वळूनही पाहिलं नाही त्याने. आजीने उलगडलं, तर कुत्रामाशाचं कातडं. आता सांग, कुत्रामासे कुठे असतात?"

"आपल्या समुद्रात."

"मग झालं तर. म्हणजे तो इथेच होता. पलीकडच्या काठावर कुत्रामासे मारत, खाऊन पिऊन मजेत. नऊ वर्षांत त्याला एक रात्र बोट वल्हवून यायला जमलं नाही. आणि पाठवले काय, तर दोन वर्षांच्या पोराचे जोडे! मी अकरा वर्षांचा घोडा झालो होतो सूनबाई, माझ्या पायाचा अंगठाही त्यात गेला नाही. पोर वाढतं हेसुद्धा त्या माणसाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आईने त्या रात्री त्याची सगळी चीजवस्तू चुलीत घातली. हे जोडे कसे राहिले, कुणास ठाऊक."

कुणास ठाऊक, म्हणे. ऐंशी वर्षांचा माणूस तीन घरं बदलून ते फडकं सोबत घेऊन फिरला आणि म्हणतो कुणास ठाऊक. मला एवढं भरून आलं की मी पेले आपटत विसळायला निघून गेले. माझं असंच आहे, रडू आलं की भांडी वाजतात.

दुसऱ्या दिवशी जोड्याच्या आतल्या बाजूने, तळाशी, दिसणार नाही असा नखाएवढा तुकडा काढला. जुन्या कातड्याचं काम वेगळ्या खोलीत, वेगळे हातमोजे, तोंडाला फडकं. कमावलेल्या कातड्यात मजकूर फाटून चिंध्या झालेला असतो, त्या चिंध्या एकेक करून जोडाव्या लागतात. आठवडे गेले. मग एका दुपारी संगणकावर निकाल उमटला आणि मी खुर्चीतून उठलेच.

आमच्या सगळ्या कुत्रामाशांचा वंशवृक्ष एकीकडे, दाट झुडपासारखा. आणि हे जोडे दूर, वेगळ्याच फांदीवर, उत्तरेकडच्यांच्या बाजूला.

ओराझगाली आगाय धावत आले ते एका पायात चप्पल नसताना. पडद्याकडे पाहत उभे राहिले. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, आणि डोळ्यांतून धारा.

"दुसरा कळप," ते म्हणाले. "उलबोल्सिन, पोरी, दुसरा कळप! सगळे मला वेडा म्हणत होते."

"आगाय, अजून एकदा तपासू द्या."

"तपास, दहादा तपास! तुझ्या सासऱ्यांना माझ्यातर्फे एक मेंढी!" आणि त्यांनी खरंच तिथल्या तिथे फोन करून मेंढी सांगितली. पुढच्या महिन्यात अल्माटीला मोठी परिषद होती. तिथे बोलायला वेळ वाढवून मागितला. मला म्हणाले, जोड्यांचा छान फोटो काढ, पहिला तोच दाखवू.

मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण माझा स्वभाव मेला संशयी. मी दुसऱ्या जोड्यातून तुकडा काढला, पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. तेच आलं. आमच्या प्रयोगशाळेत उत्तरेकडच्या सीलचा केससुद्धा कधी आला नव्हता, तेव्हा भेसळीचा प्रश्न नव्हता. मग मी जगभरच्या लोकांनी वाचून ठेवलेले मजकूर उघडले आणि जोड्यांचा मजकूर एकेकाशेजारी लावत गेले. पार उत्तरेच्या बर्फातल्या श्वेत समुद्राच्या सीलपाशी आले आणि थांबले. अक्षराला अक्षर. एकही चूक नाही.

आगायांच्या खोलीत गेले तेव्हा ते आरशासमोर भाषणाचा सराव करत होते.

"आगाय, एक सांगा. तुमचा दुसरा कळप इथे येऊन किती काळ झाला असेल?"

"दहा हजार वर्षं. जास्तच."

"माझ्या पुतण्याला सात बापदाद्यांची नावं म्हणताना तीन चुका होतात. दहा हजार वर्षं नकलेवर नक्कल, आणि एक अक्षर चुकत नाही?"

त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. ओळीओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे तुला म्हणायचंय काय?"

"हा वेगळा पडलेला भाऊबंद नाही. हा तिथलाच आहे. आज तिथे जे पोहतायत त्यांच्यातला."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! तिथला असेल तर जोडे इथे कसे? आपल्या समुद्रातला प्राणी आहे तो!"

"आपल्या समुद्रातला, असं कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस!"

"मला मामंजींनी सांगितलं."

"आणि त्यांना?"

 त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या लंगड्या माणसाने जागेचं नावच घेतलं नव्हतं. त्यांच्या आजीने कातडं पाहिलं, कुत्रामासा ओळखला, आणि आम्हा लोकांना समुद्र म्हटलं की एकच ठाऊक. सगळ्या गावाने तेच म्हटलं. त्यांच्या आईने चूल पेटवली. आणि मी, नोकरीच या कामाची करणारी, मीसुद्धा जोडे पाहिल्यावर विचारलं नव्हतं की कुठल्या समुद्राचा?

आगाय हळूच खुर्चीत बसले. त्यांना माझ्याआधी कळलं होतं बहुतेक.

"कधी गेले म्हणालीस ते?"

"एकोणीसशे सदतीसच्या सुमारास. सगळी बोटच आली नाही."

"आणि जोडे नऊ-दहा वर्षांनी आले. आणणारा माणूस भाकरी न खाता गेला."

"हो."

"तेव्हा सरकारने धरून नेलेल्यांना दहा वर्षांची शिक्षा असायची, पोरी. सुटताना सही घ्यायचे, तोंड उघडशील तर परत आत. त्या श्वेत समुद्रावर काय होतं, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," मी म्हणाले. कैद्यांच्या त्या सरकारी छावण्यांबद्दल आमच्याकडे घराघरात माहीत असतं, बोलत नाहीत एवढंच. तिथे कैद्यांकडून मासे धरून घ्यायचे, सील मारून घ्यायचे. माझ्या स्वतःच्या आईचे दोन मामा तिकडेच राहिले.

मी तिथेच रडायला लागले. भांडी नव्हती वाजवायला. आगायांनी मला चहा दिला, स्वतःच्या पेल्यात, साखर न घालता. घालायचीच विसरले.

"आगाय, तुमचा कळप गेला," मी नाक पुसत म्हटलं.

"गेला तर गेला. तीस वर्षं सापडला नाही, अजून थोडी नाही सापडणार."  भाषणाचे कागद त्यांनी खणात ठेवले आणि खण गुडघ्याने ढकलला. "म्हाताऱ्यांना मी येऊन सांगू का? तू सून. तुला तर नावही घेता यायचं नाही."

"नको. जोडे माझ्या हातात दिले होते, मीच सांगते. आणि मेंढी?"

"मेंढी आता जास्तच पाठवायला हवी," ते म्हणाले.

शुक्रवार होता. घरी आले तर मामंजी खिडकीशी बसलेले. मी कोट न काढताच समोर बसले आणि सांगून टाकलं. मला फुलवून सांगता येत नाही. म्हटलं, कातडं आपल्या समुद्राचं नाही. उत्तरेचं आहे, श्वेत समुद्राचं. दोनदा तपासलंय. ते इराणात नव्हते, तुर्कमेनांकडे नव्हते. ते कधी पळालेच नाहीत, त्यांना धरून नेलं होतं, छावणीत.

त्यांना राग आला. मला वाटलंच होतं.

"तुमच्या त्या यंत्राने बोकडाचा कुत्रामासा केला नाही कशावरून?"

"कुत्रामाशाचा बोकड केला होता, मामंजी. आणि तो बोकडच होता."

 मी पिशवीतून जोडे काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. परत आणू नकोस म्हणाले होते, पण आता मी कुणाचं ऐकते! त्यांनी हात लावला नाही.

"तिथला कुत्रामासा पोहत इथे नाही का येऊ शकत?"

"नाही. वाट नाही. फार जुन्या काळी होती, तेव्हा आले ते इथेच अडकले."

"आणि माणूस? चालत?"

"माणूसही नाही, मामंजी. सोडतच नव्हते."

"थंडी असेल."

"फार."

त्यांनी एक जोडा उचलला. आत दोन बोटं घातली, तळापर्यंत. मग मला म्हणाले, अगदी हळू, जणू मला नाही, त्या जोड्यालाच सांगत होते, "हे त्याने आधीच शिवले असतील. पहिल्याच हिवाळ्यात. माझा पाय एवढाच होता तेव्हा. आणि मग पाठवायला माणूसच मिळाला नसेल. इतकी वर्षं जवळ ठेवले असतील." त्यांनी बोटं बाहेर काढली. "मी म्हणत होतो, माझं वय विसरला."

मी उठले, कोट काढला, पीठ मळलेलं होतंच, तेल तापवलं. सात पोळ्या तळल्या. एक करपली, कारण मला नीट दिसत नव्हतं. ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी कुराणातल्या ओळी म्हटल्या, हात पसरले आणि नावं सुरू केली. आजोबा. आजी. आई. आईपाशी थांबले. तिला कळलंच नाही, असं काहीतरी पुटपुटले. मग सासूबाई, मग धाकटा भाऊ. मग पुन्हा थांबले. हात तसेच पसरलेले. मी वाट पाहिली. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. जे नाव दोन वर्षांच्या वयानंतर जिभेवर आलंच नाही, ते एकदम यायचं कुठून?

"सूनबाई," ते म्हणाले, "तू म्हण."

"मी? मामंजी, मी कशी घेऊ नाव?"

"मी सांगतोय ना. घे. मोठ्याने घे, लांब जायचंय."

मी वीस वर्षं न घेतलेलं नाव घेतलं. "इझबासार."

"अजून एकदा."

"इझबासार!" भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

त्यांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि पोळी मोडली. पहिला तुकडा त्यांनी खाल्ला नाही. त्या लहानशा जोड्याशेजारी ठेवला.

"माझे वडील," ते म्हणाले.